समुद्री शेवाळ, अळीपालन आणि भिसीचे तीन लाख

समुद्री शेवाळ आम्ही पहिल्यांदा नीट पाहिले ते डोंबिवलीच्या एका छपाई कारखान्यात. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंगाची छपाई चालू होती आणि एका ड्रममध्ये मधासारखे घट्ट काहीतरी ढवळले जात होते. आम्ही मास्तरांना विचारले, हे काय? ते म्हणाले, "अल्जिनेट, शेठ. समुद्रातल्या गवताचा गम." आमचे शिक्षण उर्दू शाळेत झालेले. काई हा शब्द माहीत होता, पण काई म्हणजे विहिरीच्या पायरीवर पाय घसरवणारी, एवढेच ज्ञान. ज्या मालावर आमचे दुकान चालते त्या मालाच्या छपाईत समुद्राची काई असते, हे कळायला धंद्यात दहा वर्षे जावी लागली.

मास्तरांनी समजावून सांगितले ते असे. रंगाला घट्टपणा आणण्यासाठी पिठाची खळ वापरली तर हे रंग कापडाऐवजी खळीलाच धरतात, नंतर खळ धुतली जात नाही आणि कापड कडक राहते. अल्जिनेट रंगाला धरत नाही, काम झाले की पाण्याबरोबर निघून जाते. त्यासाठी लागणारे सरगॅसम आणि टर्बिनारिया जातीचे तपकिरी शेवाळ तमिळनाडूत, मंडपम आणि रामेश्वरमच्या बाजूला, समुद्रातून काढले जाते. तेथील कोळी समाजातील बायका डुबक्या मारून ते काढतात आणि वाळूवर सुकवतात.

खाण्याच्या किड्याशी आमची ओळखही कापडामुळेच झाली. कर्नाटकात रामनगरच्या कोश बाजारात एकदा जाण्याचा योग आला होता. जवळच्या रेशीम कताईच्या कारखान्यांत कोश उकळत्या पाण्यात टाकतात, धागा निघतो आणि आतली मेलेली अळी म्हणजे प्युपा शिल्लक राहतो. त्या वासाने आम्ही रुमाल नाकाला लावला. कारखानदार हसले. म्हणाले, याची पोती विकली जातात. तेल निघते, उरलेले कोंबडी आणि माशांच्या खाद्यात जाते. आसामात तर एरी रेशमाचा प्युपा माणसे आवडीने खातात. तेथील अनेक घरांत एरीची अळी पाळतात ती आधी ताटासाठी, धागा हा वरचा फायदा. कोरियात रेशमाचा प्युपा उकडून गाडीवर विकतात आणि डबाबंदही मिळतो.

एवढी प्रस्तावना करण्याचे कारण असे की गेल्या बकरी ईदनंतर आमच्या थोरल्या भावाचा मुलगा एक छापील पत्रक घेऊन दुकानात आला. त्या पत्रकावर या दोन्ही वस्तू एकत्र होत्या. समुद्री शेवाळावर पोसलेल्या अळ्या, त्यांचे पालन, आणि घरबसल्या कमाई.

पत्रकात काय होते

मुलाची तळोज्याच्या पुढे छोटी पोल्ट्री आहे. पोल्ट्रीवाल्याचे दुखणे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. कोंबडीच्या खर्चातील दोनतृतीयांशाच्या आसपास रक्कम एकट्या दाण्यात जाते. मका आणि सोयापेंड यांचा भाव वर गेला की कोंबडी पाळणारा खाली बसतो. त्यामुळे दाण्याला स्वस्त पर्याय असे कोणी म्हटले की त्याचे कान टवकारतात, आणि त्यात त्याची चूक नाही.

योजना अशी. तीन लाख रुपये भरायचे. कंपनी अंडी देणार, टब व जाळ्या देणार, चार दिवसांचे प्रशिक्षण देणार आणि 'सी फीड' नावाची शेवाळाची पावडर देणार. पंधरा दिवसांत अळ्या तयार. त्या सुकवून कंपनीलाच विकायच्या, भाव आधीच ठरलेला. पत्रकाच्या खाली हिरव्या अक्षरांत लिहिले होते की खाद्य समुद्राचे, म्हणून पाक, म्हणून अशा अळ्यांवर वाढलेली कोंबडी शंभर टक्के हलाल.

"चाचा, बाकीचे लोक गटारीचा कचरा घालतात. हे समुद्राचे आहे. आपल्या लोकांना हे पटेल," मुलगा म्हणाला.

आमच्या नात्यातील बारा घरांची भिसी आहे. दरमहा पंचवीस हजार प्रत्येकी, म्हणजे तीन लाख. या वेळचा नंबर मुलाचा होता. पत्रक छापणाऱ्याला ही रक्कम कोणी सांगितली होती की तीन लाख हा आकडा योगायोगाने आला, ते अल्लाह जाणे. बारा घरांत एक विधवा बहीण आहे जी शिवणकामातून आपला हप्ता भरते. तेव्हा आम्ही मुलाला म्हटले, पंधरा दिवस थांब, आम्हाला कापड पारखू दे.

ही अळी कोणती

पत्रकातील अळी ब्लॅक सोल्जर फ्लाय म्हणजे काळी सैनिक माशी हिची. नावावरून भिण्याचे कारण नाही. ही घरमाशी नव्हे. ती चावत नाही, मिठाईवर बसत नाही. मोठी झाल्यावर ती जवळपास काही खातच नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर ती काही दिवस जगते, जोडी जमवते, मादी एका वेळी काही शे अंडी घालते आणि मरते. सगळे खाणे अळीच्या वयात. आपल्याकडच्या उष्ण हवेत ती दोन-तीन आठवड्यांत विक्रीयोग्य होते. सुकवल्यावर तिच्या वजनाचा साधारण चाळीस टक्के भाग प्रथिने आणि तिसरा हिस्सा चरबी असते, खाद्यानुसार कमीजास्त. म्हणजे सोयापेंडीशी तुलना करण्याजोगी वस्तू आहे. यात फसवणूक नाही.

जगातही ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली खाण्याच्या किड्यांवर मोठा अहवाल काढला आणि तेव्हापासून या धंद्याला जोर आला. युरोपात २०१७ साली माशांच्या खाद्यात आणि २०२१ साली कोंबडी व डुकराच्या खाद्यात किड्यांची प्रथिने वापरण्यास परवानगी मिळाली. तेथील एक नियम आपल्याला विचार करायला लावणारा आहे. कायद्याच्या दृष्टीने पाळलेला किडा हे पाळीव जनावरच. म्हणून हॉटेलातील उष्टे, शेण, मैला असे काही त्याला खाऊ घालता येत नाही. त्याचेही खाद्य स्वच्छ हवे. येथूनच शेवाळाचा विचार पुढे आला. जमीन नको, गोडे पाणी नको, खत नको, समुद्रात आपोआप वाढते. कागदावर याहून चांगला कच्चा माल नाही.

आपल्याकडेही शेवाळाला सरकारी पाठबळ आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेच्या २०,०५० कोटींपैकी ६४० कोटी शेवाळासाठी ठेवले होते. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात बांबूच्या तराफ्यांवर कप्पाफायकस जातीची शेती बरीच वर्षे चालू आहे आणि त्यात बचत गटांच्या बायका मोठ्या संख्येने आहेत. पण तो माल कोणाकडे जातो हे व्यापाऱ्याने विचारले पाहिजे. तो जातो कॅरागीनन काढणाऱ्या कारखान्यांकडे आणि पिकावर फवारण्याचे द्रव खत बनवणाऱ्यांकडे. आइस्क्रीम, टूथपेस्ट, औषधे यांत कॅरागीनन लागते, म्हणून त्यांना भाव देता येतो. कोंबडीच्या दाण्याशी स्पर्धा करणारा अळीपालक तो भाव देऊ शकत नाही. ज्या सुताला शर्टिंगवाला जादा भाव देतो, ते सूत गोणपाट विणणाऱ्याला परवडत नाही.

नॉर्वेचा प्रयोग

शेवाळ आणि ही अळी यांवर सर्वांत नीट काम आमच्या वाचनात आले ते नॉर्वेतील बर्गेनच्या संशोधकांचे, २०१७ सालचे. मुलाने ते मोबाईलवर शोधून काढले आणि इंग्रजीचे उर्दू-मराठी करून आम्हाला वाचून दाखवले. त्यांनी आपल्या किनाऱ्यावरचे तपकिरी शेवाळ सुकवून, दळून, अळीच्या खाद्यात दहा-दहा टक्क्यांनी वाढवत नेले. अगदी शंभर टक्क्यांपर्यंत.

निष्कर्ष असा की अर्ध्यापर्यंत अळीने ते सोसले. अर्ध्याच्या वर गेल्यावर वाढ खुंटली, चरबी कमी भरली. शेवाळात जी साखर असते ती आपल्या गव्हा-मक्यासारखी सहज पचणारी नसते, शिवाय राख आणि मीठ भरपूर. पण फायदाही दिसला. शेवाळ खाल्लेल्या अळीत आयोडीन आले, ई जीवनसत्त्व आले आणि माशांच्या तेलात असते त्या जातीची ओमेगा-३ चरबी आली, जी भाजीपाल्यावर वाढलेल्या अळीत मिळत नाही. मासे आणि कोळंबी पाळणाऱ्याला ही चरबी हवी असते.

म्हणजे शेवाळ हा अळीचा भात नव्हे, भातावरची चटणी आहे. पत्रकात मात्र चटणीच भात म्हणून विकली जात होती.

त्याच संशोधकांच्या मंडळींनी पुढच्या वर्षी, २०१८ साली, दुसरा निष्कर्ष छापला आणि आमच्या मते खरी गोष्ट तेथे आहे. समुद्राचे शेवाळ पाण्यातील जड धातू ओढून घेते. कॅडमियम, शिसे, पारा आणि आर्सेनिक, ज्याला आपण संखिया म्हणतो. शेवाळातून हे धातू अळीत जातात. सगळे सारखे नाही, पण कॅडमियम तर असे की खाद्यातील बहुतेक सगळे अळीच्या अंगातच राहून गेले. अळीची वाढ अर्ध्यापर्यंत ठीक राहते, पण धातूंची मर्यादा त्याच्या कितीतरी आधीच ओलांडली जाते. आणि तो माल नॉर्वेच्या स्वच्छ थंड समुद्रातला होता.

खाडीतील फुकटचा माल

हे वाचल्यावर मुलाच्या डोक्यात निराळाच विचार आला. म्हणाला, पावडर विकत घ्यायचीच कशाला? ओहोटीला ऐरोली, घणसोली, सारसोळे येथे कांदळवनाच्या मुळांवर हिरवे शेवाळ पडलेले असते. टेम्पो लावू, भरून आणू.

आम्ही नव्वदच्या दशकात वाशीला राहायला आलो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाताना कोणता कारखाना आला हे डोळे मिटून वासावरून सांगता येत असे. साठच्या दशकापासून त्या पट्ट्यात रसायने, रंग, औषधे, धातुकाम यांचे कारखाने उभे राहिले आणि त्यांचे पाणी शेवटी खाडीतच गेले. आमच्याच धंद्यातील रंगाचे पाणीही त्यात होते, हे कबूल केले पाहिजे. आता सांडपाण्यावर प्रक्रिया होते, परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे, पण चिखल विसरत नाही. ठाणे खाडीच्या गाळात जड धातू सापडल्याचे संशोधकांनी वेळोवेळी मोजून दाखवले आहे. दिवाळ्याच्या बाजारात आमच्या ओळखीच्या एक कोळीण मावशी आहेत. त्यांना विचारले तर म्हणाल्या, "भाऊ, आमी खाडीची कालवं पोरांना घालीत नाय. ह्ये काय मंग कोंबऱ्यांना घालताव?" आम्हाला प्रयोगशाळेच्या अहवालाइतकेच ते वाक्य वजनदार वाटले.

दुसरी अडचण कायद्याची. ठाणे खाडीचा ऐरोलीच्या बाजूचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत आला. कांदळवने तर सगळीकडेच संरक्षित आहेत. तेथून टेम्पो भरून काही आणणे म्हणजे वन खात्याच्या गुन्ह्याला आमंत्रण. शिवाय तेथील बारीक शेवाळ हा फ्लेमिंगोंचा दाणा आहे. त्यांच्याच गुलाबी रंगामागे ते शेवाळ असते.

तेव्हा स्वच्छ माल हवा तर खाली कोकणात जावे लागेल. रत्नागिरी, मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर सरगॅसम आणि उल्वा मिळते. पण हिशेब करा. ओल्या शेवाळाच्या दहा किलोत आठ-साडेआठ किलो पाणी. रत्नागिरीहून पनवेल तीनशे किलोमीटरच्या आसपास. ओला माल आणला तर डिझेल जाळून पाणी वाहिले. सुकवून आणायचा तर तेथे माणूस हवा, गोड्या पाण्याने मीठ धुण्याची सोय हवी, आणि पावसाळ्याचे चार महिने ऊन नाही. उलट तुर्भ्याच्या बाजार समितीत कोबीचा पाला, सडके टोमॅटो, फळांचा गाळ रोज निघतो आणि त्याला जवळपास भाडेच पडते. अळीचे पोट त्यानेच भरले पाहिजे. शेवाळ लागलेच तर मुठीने, टेम्पोने नव्हे.

पाक आणि हलालचा प्रश्न

पत्रकातील हिरव्या ओळीबद्दल आम्ही आमच्या मशिदीच्या मौलानांशी बोललो. येथे आम्ही फतवा देत नाही, तो आमचा अधिकार नाही. ज्याला हा धंदा करायचा आहे त्याने आपल्या मसलकाच्या मुफ्तीसाहेबांकडून लेखी घ्यावे. पण जे ऐकले ते वाचकांना सांगणे उपयोगी आहे.

किड्यांपैकी टोळ, म्हणजे टिड्डी, हलाल आहे याबद्दल वाद नाही. मासा आणि टोळ हे दोन जिबह न करता हलाल असल्याची हदीस प्रसिद्ध आहे. आपल्यापैकी जे सौदीत नोकरीला होते त्यांनी बाजारात टोळ विकताना पाहिले असतील. मे २०२० मध्ये टोळधाड विदर्भात नागपूर-अमरावतीकडे आली, तेव्हा आपल्याकडे मात्र लोक थाळ्या वाजवत होते. टोळ सोडून इतर किडे आणि अळ्या माणसाने खाणे हनफी आणि शाफई दोन्ही मतांनुसार जायज नाही. मालिकी मत याबाबतीत सैल आहे, पण कोकणातील आपले बांधव शाफई आणि बाकी बहुतेक हनफी. त्यामुळे माणसाच्या ताटासाठी अळी हा आपल्यापुरता विषयच नाही.

कोंबडीला खाऊ घालणे ही वेगळी बाब. कोंबडी स्वतः उकिरड्यावर किडे टिपतेच आणि ती हलालच असते. जे जनावर मुख्यतः घाण खाऊन वाढते, इतके की त्याच्या मांसाला वास येतो, त्याला जल्लाला म्हणतात आणि त्याला काही दिवस बांधून स्वच्छ दाणा देऊन मगच जिबह करावे असा नियम आहे. म्हणून अळीला काय घातले हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मग किडे विकण्याचे काय? यावर कापडवाल्यांना आवडेल अशी गोष्ट मौलानांनी सांगितली. हनफी फिकहच्या 'हिदाया'सारख्या जुन्या किताबात रेशमाच्या किड्याच्या खरेदी-विक्रीवर चर्चा आहे. इमाम अबू हनीफा यांचे मत नकाराचे, पण त्यांचे शागीर्द इमाम मुहम्मद यांनी, त्यापासून लोकांना फायदा आहे म्हणून, परवानगी दिली. पुरुषाला रेशीम नेसण्याची मनाई, तरी किड्याच्या व्यापाराची चर्चा एवढी बारीक. आपले बुजुर्ग बाजार ओळखून होते.

पण शेवाळ समुद्राचे आहे म्हणून ते पाक, आणि पाक आहे म्हणून बिनधोक, ही उडी मौलानांनाही पटली नाही. ते म्हणाले, समुद्राचे पाणी पाक आहे म्हणून तुम्ही ते पिता का? कॅडमियम हे वजू-गुस्लचे प्रकरण नाही. ते खाणाऱ्याच्या मूत्रपिंडाचे प्रकरण आहे आणि ज्याच्या हातून ते विकले गेले त्याच्याकडे जबाब मागितला जाईल.

दोन्ही टोके एकाच हातात

आता व्यवहाराकडे या. भिवंडीचा मागवाला व्यापाऱ्याकडून सूत घेतो, कापड त्यालाच देतो आणि मजुरी घेतो. त्यात मागवाल्याची पिळवणूक होते हे आम्ही व्यापारी असूनही सांगतो. तरी त्यात सूत मागवाल्याच्या पैशाचे नसते. बाजार पडला तर त्याची मजुरी बुडते, सुताची रक्कम बुडत नाही. या योजनेत अंडी कंपनीकडून विकत, टब विकत, पावडर विकत, आणि माल घेणारी एकच, तीच कंपनी. म्हणजे मजूर तुम्ही आणि सुताचे पैसेही तुमचेच.

कराराचा कागद आम्ही दोनदा वाचला. माल परत घेण्याच्या कलमात एक ओळ होती, माल कंपनीच्या गुणवत्तेच्या निकषांत बसल्यास. निकष कोठेही लिहिलेले नव्हते. समजा उद्या कंपनीने अळ्या तपासल्या आणि धातू जास्त आहेत म्हणून नाकारल्या. धातू आले कोठून? तिच्याच पावडरीतून. पावडरीचे पैसे तिच्या गल्ल्यात, नापास माल तुमच्या शेडमध्ये.

हे आमचे काल्पनिक भय नाही. इमूचे पक्षी आठवा. भाव बांधून देणाऱ्या योजनांमागे लोक धावले आणि २०१२ साली तमिळनाडूच्या इरोड भागातून तो फुगा फुटला. आपल्या महाराष्ट्रात २०१९ साली इस्लामपूरकडे कडकनाथ कोंबड्यांचे तेच झाले. पक्षी खोटा नव्हता, कोंबडीही खोटी नव्हती. खरा गिऱ्हाईक नव्हता. पहिल्या भरणाऱ्याचा माल दुसऱ्याच्या पैशाने उचलला जात होता. आणि जेथे फसवणुकीचा प्रश्नच नव्हता तेथेही हा धंदा सोपा गेलेला नाही. फ्रान्समधील इन्सेक्ट नावाची कंपनी २०११ साली निघाली, किड्यांच्या कारखान्यासाठी तिने कोट्यवधी युरोंचे भांडवल उभारले, आणि २०२४ साली तिला कोर्टाचा आसरा घ्यावा लागला. त्यांच्याकडे यंत्रे होती, शास्त्रज्ञ होते. मका आणि सोया यांच्या भावाला ते पुरे पडले नाहीत.

मुलगा चिडला. चिडणारच. म्हणाला, चाचा, तुमच्या पिढीला प्रत्येक नव्या गोष्टीत चोर दिसतो. यात थोडे खरे आहे. आम्ही संगणक घ्यायला उशीर केला आणि गिऱ्हाईक गमावले, ते तो विसरू देत नाही. म्हणून आम्ही नाही म्हटले नाही. आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. एक, कंपनीकडे पावडरीचा तपासणी अहवाल माग. कॅडमियम, शिसे, पारा, आर्सेनिक आणि मीठ, पाचही आकडे, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या शिक्क्यासह. दुसरी, तीन लाख न भरता थोडी अंडी दुसरीकडून मागव आणि स्वतः करून बघ.

अंडी केरळहून कुरियरने आली. तेथे ही अळी घरगुती ओल्या कचऱ्यासाठी बऱ्याच जणांनी पाळली आहे. पोल्ट्रीच्या मागच्या पडवीत चार टब मांडले. चारही टबांत तुर्भ्याचा तोच कोबी-टोमॅटोचा गाळ आणि थोडा गव्हाचा कोंडा. पहिल्यात शेवाळ नाही, दुसऱ्यात दहावा हिस्सा, तिसऱ्यात चौथाई, चौथ्यात अर्धे. पावडर कंपनीच्या नमुना पाकिटातली. आम्ही दोन रविवार जाऊन पाहिले. पहिल्या दोन टबांतील अळ्या तांदळासारख्या टपोऱ्या, फरक काढता येणार नाही. तिसऱ्यात थोड्या मागे. चौथ्या टबात मात्र अळ्या बारीक राहिल्या आणि कितीतरी कडेने वर चढून बाहेर पळाल्या. मुलाने बोट लावून चाखले आणि तोंड वाकडे केले. खारट. पावडर न धुताच दळली होती.

एक गोष्ट आम्हाला अपेक्षित नव्हती. तीन आठवड्यांनी पहिल्या टबातील अळ्या त्याने कोंबड्यांच्या एका कप्प्यात दाण्याबरोबर थोड्या थोड्या घातल्या, तर कोंबड्या दाणा सोडून त्यावर तुटून पडल्या. दाण्याची बचत किती झाली हे सांगण्याइतके दिवस झालेले नाहीत. त्याने वही केली आहे आणि रोज लिहितो, हे आम्हाला बचतीपेक्षा बरे वाटले. शेवाळाचा विचारही त्याने पूर्ण सोडलेला नाही. पनवेलकडच्या एका मत्स्यपालकाने त्याला विचारले आहे की ओमेगावाली अळी मिळेल का. त्यासाठी रत्नागिरीच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयात जाऊन कोणते शेवाळ, कोणत्या महिन्यात, किती धुवायचे ते विचारून यायचे त्याने ठरवले आहे. आमच्या आठवणीत आमच्या घरातून शिक्षण संपल्यावर कॉलेजात काही विचारायला जाणारा तो पहिलाच.

कंपनीकडे अहवाल मागितल्याला सहा आठवडे झाले. आधी साहेब बाहेरगावी होते, मग अहवाल हे व्यापारी गुपित झाले, आता फोन उचलला जात नाही. पाकिटात उरलेली पावडर आम्ही ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका प्रयोगशाळेत दिली आहे. फी आमच्या दुकानाच्या खात्यातून गेली. भिसीचे तीन लाख मुलाने त्याचा नंबर पुढे ढकलून बहिणीला देऊ केले. तिच्या मुलीचे लग्न जानेवारीत आहे.